नीलाक्कांच्या भाड्याच्या खोल्या

आमचं घर दर अकरा महिन्यांनी एक दिवस अंगणात यायचं. शिवणयंत्र, गाद्यांच्या वळकट्या, पिठाचे डबे, देव्हारा, वडिलांचा रेडिओ, माझी शाळेची पुस्तकं, सगळं. दोन खोल्यांत मावणारं सामान उन्हात मांडलं की किती जास्त आणि किती जुनं दिसतं, हे मला फार लवकर कळलं. खोल्या रिकाम्या झाल्या की नीलाक्का दाराला बाहेरून कुलूप लावायच्या, एकदा ओढून बघायच्या आणि आईला म्हणायच्या, "वैनी, आता तुमी आमच्या भाडेकरू न्हाय. पावणं हाय. चला, च्या टाकलाय."

या दिवसाला आमच्या अंगणात 'रिकामा दिवस' म्हणत. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असायचा. पहिली खोली भाड्याने देताना कुणा वकिलाने अक्कांना सांगितलं होतं की मुदत संपली की मध्ये एक दिवस खंड पाडा आणि मग नवा करार करा, म्हणजे भाडेकरू कायमचा बसत नाही. वकिलाच्या मनातला खंड बहुधा कागदावरचा होता. अक्कांचा कागदावर विश्वास नव्हता. त्यांच्या लेखी खंड म्हणजे दाराला कुलूप आणि स्टोव्ह अंगणात. माझे वडील पाटबंधारे खात्यात कारकून. कागद हाच त्यांचा धर्म. त्यांनी दोन-तीनदा समजावून पाहिलं. अक्का म्हणाल्या, "भाऊ, कागद बोलतोय व्हय? कुलूप बोलतंय."

गंमत अशी की बाहेर काढलेला भाडेकरू त्या दिवशी जायचा कुठे? अक्कांच्याच घरात. अंघोळ त्यांच्या न्हाणीत, जेवण त्यांच्या स्वयंपाकघरात, दुपारची झोप त्यांच्या पलंगावर. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि गव्हाची दाट खीर. तिला त्या हुग्गी म्हणायच्या. दोन खोल्यांवरचा हक्क गेलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत सगळं घर मिळायचं. तोवर अक्का कुलूप उघडून रिकाम्या खोल्यांना चुना लावून घ्यायच्या. संध्याकाळी नव्या करारावर सह्या व्हायच्या आणि घर पुन्हा आत जायचं.

मला त्या दिवसाची लाज वाटायची. मी इंग्रजी शाळेत जाणारी, वर्गात फारसं न बोलणारी मुलगी होते, आणि माझ्या वर्गातल्या मुलींची घरं कधी अंगणात येत नसत. एकदा नेमकी शाळेची रिक्षा दारात थांबली असताना आतल्या एका मुलीने आमच्या गाद्या, डबे, देव्हारा असं सगळं पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही घर सोडून चाललाय?" चुन्याची बादली हातात घेऊन उभ्या असलेल्या अक्का म्हणाल्या, "न्हाय बाळ. आज ही आमच्याकडं जेवायला हाय. तूबी येतीस काय? हुग्गी केलीया." ती मुलगी खरोखरच उतरली. रिक्षावाला खोळंबला, मग तोही जेवला. सोमवारी शाळेत त्या मुलीने सगळ्यांना सांगितलं की हिच्या घरी सण असतो.

शिवाजी पेठेत, तालमीच्या मागच्या बोळात, अक्कांचं घर होतं. पुढे अप्पांचं, म्हणजे त्यांच्या यजमानांचं, सुतळी आणि दोरखंडाचं दुकान. मागे अंगण आणि अंगणाभोवती भाड्याच्या खोल्या. फुटबॉलची मॅच असेल त्या दिवशी सगळी पेठ मैदानावर आणि अप्पा एकटे दुकानात. घराचे कागद अप्पांच्या नावावर होते. कुणी खोली विचारायला आलं की ते सुतळीच्या गुंडीवरून मान वर न करता आत बोट दाखवत. "मालक तुम्हीच ना?" असं एखाद्याने विचारलंच, तर म्हणत, "सहीपुरता."

अक्का मूळच्या निपाणीकडच्या. कपाळावर विभूती, अंगावर इरकल, आणि आवाज असा की बोळाच्या तोंडाशी उभा असलेला भाजीवाला तिथूनच भाव कमी करायचा. हिशेब कानडीत करायच्या, भांडण मराठीत. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं त्याही 'मी येतो, मी जातो' म्हणायच्या; मी चुकून घरी तसं बोलले की आई डोळे मोठे करायची. खोल्यांच्या जादा किल्ल्या एका पत्र्याच्या डब्यात असत आणि प्रत्येकीला अप्पांच्या दुकानातली वेगळ्या रंगाची सुतळी बांधलेली असे. आमची हिरवी होती.

खोली बघायला आलेल्या माणसाला त्या पगार विचारत नसत. जात विचारत नसत असंही मी म्हणणार नाही. आडनाव आणि गाव विचारून त्या सगळं काढून घ्यायच्या. पण त्यावरून कुणाला नाही म्हटलेलं मला आठवत नाही. नाही म्हणायच्या त्या एकाच कारणावरून. "आधी कुठं ऱ्हात हुता? मालक कसा हुता?" असं विचारायच्या आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसायच्या. जुन्या मालकाला शिव्या देणारा माणूस परत जायचा. "उद्या मलाबी देणार की त्यो," असं त्या तो बाहेर पडायच्या आतच म्हणायच्या. जुन्या मालकाचं फार कौतुक करणाराही परत जायचा. "एवढा चांगला हुता तर सोडलं कशाला?"

रिकामा दिवस कुणी मोडलेला मी एकदाच पाहिला. शेजारच्या खोल्यांत देशमाने सर राहायला आले होते, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. त्यांची बायको मेधा, तिचे दिवस भरत आले होते. अकरा महिने संपले त्या सकाळी सर दारात उभे राहिले आणि म्हणाले, "अक्का, कायद्यात असं काही नाही. मी चौकशी केलीय. नवीन करार आणा, सही करतो. पण सामान हलवणार नाही."

"का बरं?"

"हिला या अवस्थेत उन्हात बसवू?"

"हिला कोण बसवतंय उन्हात? ती माझ्या पलंगावर झोपंल."

"प्रश्न तत्त्वाचा आहे, अक्का."

अक्कांना कुणी असं थेट नाही म्हटलेलं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी दुकानाच्या दिशेने हाक मारली, "अवं, ऐकलासा काय? सर उठत न्हाईत."

आतून अप्पांचा आवाज आला, "मग?"

"मग काय. आपण आत जायाचं."

आणि त्या खरंच गेल्या. चटई घेतली, पाण्याचा तांब्या घेतला, निवडायचे तांदूळ घेतले आणि सरांच्या बाहेरच्या खोलीत मधोमध जाऊन बसल्या. सर गोंधळले. "हे काय?"

"कबजा घेतला. तुमी बसा की सर. मी काय म्हणतोय व्हय तुमास्नी?"

सर दिवसभर स्वतःच्या घरात परक्या घरी आल्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. वर्तमानपत्र चार वेळा वाचलं असेल. अक्कांनी तांदूळ निवडले. मग उठून मेधाताईंना आडवं केलं, स्वयंपाक केला, ओट्यावरची हंडी खाली ठेवली आणि सरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "असली हंडी ह्या दिवसांत हिनं उचलायची व्हय? अर्थशास्त्र शिकवताय न्हवं?"

दुपारी आईने मला त्यांना ताक द्यायला पाठवलं. मी दारात उभी राहिले. अक्का तांब्याच्या कडेवर बोट फिरवत होत्या. मी ताक खाली ठेवलं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझ्या लग्नात आमच्या वडलांच्या घरात मांडव घालायला जागा न्हवती, ठाऊक हाय काय? घर आमचं. पुढच्या तिन्ही खोल्या भाडेकरूच्या. उठत न्हवता. कोर्टात गेलं, कोर्टबी उठवीना. माझं लगीन दुसऱ्याच्या दारात लागलं." मग ताकाचा घोट घेतला. "मीठ कमी हाय. आईला सांग."

संध्याकाळी त्या उठल्या, चटई गुंडाळली आणि म्हणाल्या, "झाला खंड. आणा कागद." सरांनी सही केली. काही दिवसांनी मुलगी झाली. मेधाताईंच्या आईला गुडघ्यामुळे येता आलं नाही, तेव्हा बाळाला तेल लावायला अक्काच जायच्या. पुढच्या रिकाम्या दिवशी सर सगळ्यांच्या आधी उठले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पाळणा अंगणात आणून ठेवला.

नव्वदचं दशक संपता संपता वडिलांनी शहराबाहेर छोटं घर बांधलं आणि आम्ही पेठ सोडली. मी कॉलेज संपवून शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात लागले. परदेशी गिऱ्हाइकांना इंग्रजीत पत्रं लिहायचं काम. पत्रं लिहायला बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडायचं.

ते दिवस घरकर्जाचे होते. बँकांची माणसं ऑफिसात येऊन पत्रकं वाटून जायची. आमचे अकाउंटंट पोवार यांनी दोन फ्लॅट घेतले होते आणि ते डबा खाताना सगळ्यांना सांगायचे, "भाड्यातनं हप्ता जातोय. फ्लॅट फुकटात. तरुणपणीच घ्यावा मॅडम, नंतर परवडत न्हाय." मी पगारातले पैसे साठवले होते. स्वतःच्या नावावर काहीतरी असावं एवढंच मला वाटत होतं. ते का वाटत होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. कळंब्याच्या बाजूला एक नवी इमारत होत होती. तिथल्या माणसाने महिनाअखेरपर्यंत एक फ्लॅट माझ्यासाठी धरून ठेवला होता. वडील म्हणाले, बँकेत ठेव. आई म्हणाली, लग्न झाल्यावर दोघं मिळून घ्या. पोवार म्हणाले, आजच घ्या. तिघांचंही मला पटत होतं, म्हणून मी अक्कांकडे गेले.

त्या अंगणात पाय पसरून बसल्या होत्या. गुडघ्यांना तेल लावत होत्या. मी इमारतीचं गुळगुळीत पत्रक पुढे केलं. त्यांनी ते लांब धरून बघितलं. हिरवीगार झाडं, पांढरी गाडी, फुगे घेतलेलं बाळ.

"ऱ्हायाला घेतीस?"

"नाही. भाड्याने द्यायला."

"हं. कापडं कुठं वाळत घालायची?"

मी चित्रात शोधलं. नव्हतं कुठे.

"चल, बघून येऊ," त्या म्हणाल्या आणि तेलाच्या हातानेच चपला शोधायला लागल्या.

त्या जागेवर आम्ही पोचलो तेव्हा टाय लावलेला एक मुलगा आम्हाला नमुन्याचा फ्लॅट दाखवायला पुढे झाला. अक्का त्याच्याबरोबर गेल्याच नाहीत. त्या सरळ शेजारच्या, वर्षभरापूर्वी लोक राहायला आलेल्या इमारतीत शिरल्या, पहिलं दार वाजवलं आणि दार उघडणाऱ्या बाईला म्हणाल्या, "बाळ, जरा पाणी देतीस? लई ऊन हाय." बाई आत गेली. अक्का मान वाकडी करून आत बघत राहिल्या. बाईने नळ सोडला नाही, माठाकडेही गेली नाही. कोपऱ्यातल्या निळ्या पिंपावरचं फडकं उचललं आणि त्यातून तांब्या भरला.

अक्का पाणी प्यायल्या. "टँकर कवा येतोय?"

"एक दिवसाआड," ती बाई म्हणाली. "आम्हाला तरी घेताना कुठं सांगितलं होतं."

परत जाताना अक्का टायवाल्या मुलापाशी थांबल्या. "पोरा, चित्रात झाडं लई छान काढलाईसा. त्यास्नी पाणी कोण घालणार?" तो हसला. त्याला ते कौतुक वाटलं असावं.

रिक्षात मी विचारलं, "म्हणजे घेऊच नको?"

"ही घेऊ नको. घेऊच नको असं कोण म्हणालं?"

"पोवार म्हणतात, हप्ता भाड्यातून जातो."

"आणि भाडेकरू गेला मग?"

"दुसरा येईल."

"यीपतोर बँक थांबती व्हय? बँक म्हंजे असला भाडेकरू, खोलीत ऱ्हात न्हाय आणि उठतबी न्हाय." त्यांनी रिक्षाच्या दांडीला घट्ट धरलं. "घर म्हंजे म्हस हाय पोरी. दूध देती, पण शेणबी देती. शेण काढायची तयारी असली तर दारात बांधायची. वरीसभर खोली रिकामी पडली तरी हप्ता तुझ्या पगारातनं भागला पायजे. तेवढीच घे. भाडं आलं तर वरचं लोणी."

कर्जाबद्दल मात्र त्यांचं माझं कधी जमलं नाही. वीस वर्षं हप्ते, हे ऐकून त्यांनी रिक्षावाल्यासमोर कपाळाला हात लावला. रोख साठेपर्यंत थांब, असं त्यांचं म्हणणं. तसं केलं असतं तर मी अजूनही थांबलेच असते. तिथे त्या चुकल्या, असं मला आजही वाटतं.

घराजवळ उतरताना त्या अचानक म्हणाल्या, "एक सांग. दारात उभी ऱ्हाऊन 'भाडं द्या' म्हणशील काय?"

मी रिक्षाचे पैसे मोजायला लागले.

"पत्र लिहून पाठवणार हाईस व्हय भाडेकरूला?"

तसा विचार माझ्या मनात येऊन गेला होता.

"रविवारी ये. माझ्या खोल्यांचं भाडं तू गोळा कर. मग सांगतो घ्यायाचं का न्हाय."

रविवारी सकाळी मी आमच्याच जुन्या अंगणात उभी होते, पण या वेळी दाराच्या बाहेरच्या बाजूला. पहिल्या खोलीत शिरोलीच्या कारखान्यात साचे भरणारा एक जण बायको-मुलासह राहायचा. तो ड्यूटीवर होता. बायकोने मला ओळखलं. "अगं बया, भाऊंची पोरगी न्हवं तू? बस की." तिने पोहे दिले, चहा दिला, मुलाला कविता म्हणायला लावली. कविता लांब होती. ती संपल्यावर मी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर पडले. भाड्याचं 'भ'सुद्धा तोंडातून निघालं नाही.

दुसऱ्या खोलीत एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर होते. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "अक्कांनी धाडलंय व्हय? त्यास्नी सांगा, आधी नळ बघा म्हणावं. रात्रंदिवस ठिबकतोय, डोस्क्यात ठिबकल्यागत." मी 'सांगते' म्हणाले.

तिसऱ्या खोलीत मुरगूडची दोन मुलं होती, शिकायला आलेली आणि दिवसभर फुटबॉल खेळणारी. मला बघून दोघंही उठून उभे राहिले. "अक्का चिडल्यात का ताई?" असं म्हणत एकाने उशीखालून पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. मी अजून उंबऱ्याच्या बाहेरच होते.

शेवटच्या खोलीत एक शाळामास्तरीण एकटीच राहायची. तिने साखळी न काढता फटीतून विचारलं, "तुम्ही कोण? अक्कांची चिठ्ठी आहे?" नव्हती. दार बंद झालं.

मी परत आले तेव्हा अक्का मिरच्यांचे देठ खुडत होत्या.

"किती जणांनी दिलं?"

"एकाने."

"कुणी?"

"मुरगूडच्या मुलांनी."

"ती तर वाऱ्यालाबी देतील." त्यांनी आणखी काही देठ खुडले. "बाकीच्यांस्नी काय म्हणालीस?"

"काहीच नाही."

"मग एवढा येळ करत काय हुतीस?"

मला वाटलं, आता संपलं, फ्लॅट राहिला. काहीतरी बोलायचं म्हणून मी जे दिसलं होतं ते सांगायला लागले. पहिल्या खोलीतल्या बाईने गॅस कोपऱ्यातून काढून खिडकीखाली आणलाय, कारण कोपऱ्यातली भिंत ओली आहे. पोहे खाताना माझी पाठ गार पडली. ओल बाहेरच्या नळाच्या बाजूने आली असावी. ड्रायव्हरकाकांचा नळ खरंच ठिबकतो, आणि खाली ठेवलेली बादली भरली की ते स्वतः वाकून ओततात, कंबर धरून. मुलांच्या खोलीत बटणाची पाटी भिंतीतून सुटून तारेवर लोंबतेय.

अक्कांचे हात थांबले. "मला कुणी सांगितलं न्हाय."

"ते भाडं द्यायला इथे येतात ना. रिकामा दिवस सोडला तर तुम्ही आत जात नाही."

हे माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. अक्कांनी हातातली मिरची खाली टाकली. मग नेहमीच्या आवाजात कडाडल्या, "मग तितंच का बोलली न्हाईस त्या बाईला? गवंडी धाडतो म्हणून? जीभ घरी ठिवून आल्तीस व्हय?" आणि दुकानाकडे तोंड करून, "अवं, गवंड्याला सांगावा धाडा. आन् वायरमनलाबी."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जा आता परत. पयलं सांग, उद्या गवंडी येतोय. मग माग."

मी गेले. त्या वेळी ते तितकं अवघड वाटलं नाही. हातात द्यायला काहीतरी होतं. साचेवाल्याच्या बायकोने गवंडी म्हटल्यावर डब्यातून पैसे काढले. ड्रायव्हरकाकांनी नळाचं पक्कं आश्वासन घेऊन दिले. मास्तरीणबाईंनी पुन्हा चिठ्ठी मागितली. अक्कांना ते सांगितलं तेव्हा त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मिरच्यांचाही हात असेल त्यात. "माझी खरी भाडेकरू तीच," त्या म्हणाल्या. "तिचं मी आणतो."

निघताना मीच दारात थांबले. "मग अक्का?"

"मग काय? घे की. टँकरवाली सोडून."

मी राजारामपुरीच्या मागच्या बाजूला, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. पत्रकात छापण्यासारखं काही नव्हतं, पण नळाला पाणी होतं, गॅलरीला कपड्यांची दोरी होती आणि पाच मिनिटांवर मोठं हॉस्पिटल असल्याने राहायला माणसं मिळणार होती. हप्ता माझ्या पगारातून, ओढून ताणून, भागत होता. अक्कांनी एकच अट घातली. "दुसऱ्याला द्यायच्या आधी म्हैनाभर तू ऱ्हा. आपल्याला झोप लागत न्हाय त्या खोलीचं भाडं घ्यू ने."

मी तोवर एकटी कधी राहिले नव्हते. आईने पहिला आठवडा रोज फोन केला. मला कळलं की दुपारी पाणी नसतं. न्हाणीतलं पाणी मोरीकडे न जाता दाराकडे येतं. खालच्या मजल्यावरचा कुकर पहाटे पाचला होतो आणि त्याची सवय होते. मी न्हाणीची फरशी पुन्हा बसवून घेतली, खिडकीला नवी कडी लावली. संध्याकाळी ऑफिसातून येऊन मी रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून बसायचे, आणि मला फार बरं वाटायचं.

त्याच महिन्याच्या शेवटी अक्का एका दुपारी घर बघायला आल्या. पेठेतल्या खोल्यांचा कारभार आता त्यांच्या मुलाने हातात घेतला होता, आणि त्या अप्पांना घेऊन निपाणीला लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. पुढे फोनवर त्यांचा आवाज अनेकदा ऐकला, तो उतरलेला कधी वाटला नाही. पण डोळ्यांनी त्यांना पाहिलं ते त्या दुपारी शेवटचं.

दोन मजले चढून आल्या त्या जिन्याला शिव्या देत. आत आल्यावर मात्र कामाला लागल्या. नळ सोडून बघितला, पाणी आलं नाही तेव्हा माझ्याकडे वळल्या, मी म्हणाले, "दुपारी नसतं, संध्याकाळी येतं." त्यांनी मान हलवली. भिंतीला तळहात लावला. गॅलरीची दोरी ओढून बघितली. मी चहा टाकायला आत गेले.

चहा घेऊन आले तर अक्का बाहेरच्या खोलीत फरशीवर आडव्या झाल्या होत्या. पदर डोक्याखाली, एक हात कपाळावर. मला वाटलं, पाठ टेकली असेल. मग घोरण्याचा बारीक आवाज आला. खोलीत दुसरं काहीच नव्हतं, नुसती फरशी, त्यावर खिडकीतलं ऊन, आणि मधोमध अक्का. मी त्यांना दुसऱ्या कुणाच्या घरी झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी चहा झाकून ठेवला.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. हॉस्पिटलातल्या दोन नर्स खोली बघायला यायच्या होत्या. त्या चारला येणार म्हणून मी अक्कांना मुद्दाम तीनला बोलावलं होतं. बोलणी त्या करतील, मी शेजारी उभी राहीन, असं मनाशी ठरवलं होतं. मी अक्कांकडे पाहिलं. हाक मारायला तोंड उघडलं, आणि मारली नाही. बाहेर गेले आणि दार हळूच लोटून घेतलं.

जिन्याच्या तोंडाशी उभं राहून मी त्या दोघींना सगळं सांगितलं. दुपारी पाणी नसतं, साठवावं लागेल. खालचा कुकर पहाटे होतो. न्हाणीची फरशी नवी आहे. मग भाडं सांगितलं, अनामत सांगितली, भाडं महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लागेल हेही सांगितलं. आतली झोप मोडू नये म्हणून मी अगदी हळू बोलत होते.

"थोडं कमी नाही का होणार, ताई?" मोठीने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "भाडं तेवढंच. पण काही बिघडलं तर मला सांगायचं. मी त्याच दिवशी बघायला येईन."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मोठीने मान हलवली. "आत बघू?"

मी दार उघडलं. उंबऱ्यावरच त्या थबकल्या. धाकटीने अगदी कानाशी येऊन विचारलं, "त्या कोण?"

"आमच्या घरमालकीण," मी म्हणाले.

त्या दोघींनी चपला काढून हातात घेतल्या आणि अक्कांच्या पायांना वळसा घालून, पाऊल न वाजवता, स्वयंपाकघर बघायला आत गेल्या.